ऊलाँग उकळू नका हो! (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात याच सदरात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं की चिनी ऊलाँग चहा आयुष्यात एकदा तरी नीट करून प्या. बस, एवढंच. कसा करायचा, कुठला घ्यायचा काही नाही. मग काय, मेल काय, व्हॉट्सअॅप काय, एकांनी तर पोस्टकार्ड पाठवलं. सगळे प्रश्न घेणं शक्य नाही, पण जे पुन्हापुन्हा आले ते घेतलेत, आणि एकदोन असे घेतलेत की जे वाचून मलाच मजा आली.

मुलगा कंपनीच्या कामाने चीनला गेला होता, तिथून त्याने छोट्या छोट्या पाकिटांचा डबा आणला. हिरवट गोळ्या आहेत आत. मी आपलं नेहमीसारखं आलं घालून, दूध घालून उकळला तर कडूजहर झाला, ओतून दिला. काय चुकलं? – एक आजी, सांगली

आजी, तुमचं काही चुकलं नाही, तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. त्या गोळ्या म्हणजे बहुतेक तिएग्वानयिन, फुजियान प्रांताच्या दक्षिणेला आन्शी म्हणून जिल्हा आहे तिथला ऊलाँग. त्या गोळ्या नाहीत, अख्खी पानं आहेत. कापडात गच्च बांधून, मळून, सोडून, परत बांधून असं कित्येकदा करतात तेव्हा ती अशी वळतात. एका पाकिटात सात-आठ ग्रॅम असतं आणि ते पाकीट एका बैठकीचं असतं, एका कपाचं नाही.

आता करायचं कसं ते सांगते, आणि घरात जे आहे त्यातच. झाकण असलेलं छोटं भांडं घ्या, वाटीएवढं, शंभर-सव्वाशे मिली पाणी मावेल असं. त्यात अख्खं पाकीट रिकामं करा. पाणी खळखळ उकळवून वरून ओता, झाकण ठेवा आणि मनात वीस आकडे म्हणा, वीसच, की लगेच सगळंच्या सगळं गाळून दुसऱ्या भांड्यात. थेंब ठेवायचा नाही मागे, कारण मागे राहिलेलं पाणी पानांना धरून बसतं आणि पुढचा कप कडू करतं. छोट्या छोट्या कपात वाटून घ्या. मग त्याच पानांवर परत उकळतं पाणी, परत पंधरा-वीस सेकंद. असं सहा-सात वेळा आरामात होतं, प्रत्येक वेळी थोडा थोडा वेळ वाढवत न्यायचा. दूध नाही, साखर नाही, आलं नाही. पहिल्या कपात गोळ्या अजून उघडलेल्या नसतात म्हणून तो पातळ लागेल, तिसऱ्याला बघा काय वास येतो ते.

शेवटी पानं फेकायच्या आधी एक पान ताटलीत पसरून बघा. कडेला कुठे कुठे लालसर, मधे हिरवं दिसेल (मुलाने एकदम हिरवा, मॉडर्न प्रकार आणला असेल तर लाली फार कमी दिसेल, काही ठिकाणी तर ती कड झाडूनच टाकतात). ती लाल कड हाच ऊलाँग. पुढच्या प्रश्नात सांगतेच.

ऊलाँग म्हणजे ग्रीन टी आणि ब्लॅक टी मिक्स केलेला ना? – डोंबिवली

नाही नाही! हे मला किमान पंधरा जणांनी विचारलंय. मिक्स वगैरे काही नसतं. झाड एकच, ग्रीन काय, ब्लॅक काय, ऊलाँग काय. पान तोडल्यावर त्याला हवा किती लागू द्यायची, म्हणजे ऑक्सिडेशन किती होऊ द्यायचं, यावर सगळं ठरतं. ग्रीनमधे लगेच गरम करून ते थांबवतात, ब्लॅकमधे पूर्ण होऊ देतात, आणि ऊलाँगमधे मधेच कुठेतरी थांबवतात. हे ‘कुठेतरी’ फार मोठं आहे बरं का, साधारण दहा टक्क्यांपासून सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत, त्यामुळे एक ऊलाँग फिकट पिवळा-हिरवा आणि दुसरा गडद नारिंगी-तपकिरी, आणि दोघंही ऊलाँगच.

खरी गंमत मधल्या रात्रीची आहे. आपल्याकडे आसाम-दार्जिलिंगचं ‘दोन पानं एक कळी’ आपण शाळेपासून ऐकतो, ऊलाँगला कोवळी कळी चालत नाही, चांगली उघडलेली तीन-चार पानं लागतात, कारण पुढे त्यांना मार खायचा असतो. दिवसा तोडायची, उन्हात थोडी मलूल करायची, मग आत आणून बांबूच्या मोठ्या सुपांवर नाहीतर फिरत्या पिंपात घोळवायची. घोळवलं की पानांच्या कडा एकमेकांवर आपटून दुखावतात, तिथे हवा लागून लाल व्हायला लागतात. मग तास-दीड तास नुसतं ठेवून द्यायचं, परत घोळवायचं, परत ठेवायचं. संध्याकाळी सुरू झालेलं काम पहाट होईपर्यंत चालतं आणि चहा करणारा माणूस दर थोड्या वेळाने येऊन वास घेतो. आधी कच्च्या गवताचा वास, मग हळूहळू फुलांचा, मग फळाचा. त्याला हवा तो वास आला की त्या क्षणी पानं तापलेल्या कढईत, खेळ थांबला.

तो फुलांचा वास कुठून येतो? झाडापासून तुटलेलं पान अजून जिवंत असतं आणि मार बसला की ते प्रतिकार म्हणून सुगंधी द्रव्यं तयार करतं, नेरोलिडॉल, इंडोल अशी त्यांची नावं आहेत. यातलं इंडोल मोगऱ्या-जाईच्या वासातही असतं. म्हणजे ऊलाँगमधे फुलं घातलेली नसतात, पानालाच रात्रभर छळून तो वास काढलेला असतो. कोणी ‘फ्लेवर कुठला घातलाय’ विचारलं की मला हेच सांगायला आवडतं.

सुरुवात कुठल्यापासून करू? नेटवर पन्नास नावं आहेत, डोकं फिरलं. – आयटीवाला, हिंजवडी

पन्नास नावं विसर, तीन जागा लक्षात ठेव. (तैवानचे ऊलाँग हा वेगळा मोठा विषय आहे, तो पुढे कधीतरी.)

एक, आन्शी. तिएग्वानयिन. आजींना सांगितलं तोच. यात हल्ली दोन तऱ्हा मिळतात. एक हिरवी, हलकी, फुलांच्या वासाची, ही नव्वदच्या दशकापासून जोरात आली, आणि दुसरी जुन्या पद्धतीची, निखाऱ्यावर भाजलेली. दुकानदार तुला हिरवी देणार कारण ती दिसायला छान. मला विचारशील तर भाजलेली घे, हिरवी पहिल्या दोन कपात सगळं सांगून टाकते आणि मग संपते.

दोन, ग्वांगदोंग प्रांतात चाओझोउ शहराजवळ फेंगहुआंग डोंगर, तिथला दानचोंग. लांब, काळपट, पिळलेली पानं. इथे प्रत्येक झाडाचा वास वेगळा म्हणून वासावरून नावं दिलीत, आणि मराठी माणसाने ही नावं ऐकायलाच हवीत. एकाला अनंताच्या फुलाचं नाव, एकाला मोगऱ्याचं, आणि एकाला चक्क सोनटक्क्याचं! आपल्या अंगणातली फुलं तिकडच्या डोंगरावर चहाच्या पानात. सगळ्यात जास्त मिळतो तो मी लान श्यांग, मध आणि ऑर्किडच्या वासाचा, नवशिक्याला पटकन आवडतो, फक्त जरा जास्त वेळ पाण्यात राहिला की असा काही कडू होतो की बस.

तीन, फुजियानच्याच उत्तरेला वुयी पर्वत. खडकाळ दऱ्या, दोन्ही बाजूला उभे कडे, मधल्या फटीत माती साठलेली आणि त्यात चहाची झुडपं. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत हा भाग १९९९ साली आला. इथल्या चहाला खडकचहाच म्हणतात, यान चा. दा होंग पाओ, रौ ग्वेई, श्वेई श्येन ही इथली मंडळी. पानं चांगली ऑक्सिडाइझ केलेली आणि वर राखेने झाकलेल्या निखाऱ्यावर बांबूच्या टोपल्यांत तासन्‌तास भाजलेली, तेही एकदाच नाही, मधे आठवडे जाऊ देऊन परत. एप्रिल अखेर-मे मधे तोडलेला चहा खरा पिण्यालायक होतो तो शरद ऋतूच्या पुढे, कारण ताज्या भाजणीची धग उतरायला वेळ लागतो.

मी सांगेन भाजलेल्या श्वेई श्येनपासून सुरू कर. स्वस्त त्यातल्या त्यात, चुका माफ करतो, आणि आपल्या कडक चहाच्या जिभेला तो पटकन ओळखीचा वाटतो. हिरव्यापासून सुरू केलेल्या माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी ‘हे तर गरम पाणी’ म्हणून सोडून दिलं.

‘डक शिट’ नावाचा चहा ऑनलाइन दिसला. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. यात नक्की काय असतं? – गिरगाव

बदक नाही, बदकाचं काहीही नाही, निर्धास्त प्या! हा वर सांगितलेल्या दानचोंगमधलाच एक, या शी श्यांग, नावाचा अर्थ खरोखरच बदकाच्या शिटेचा वास. गोष्ट अशी सांगतात की एका शेतकऱ्याकडे फार सुंदर वासाचं झाड होतं, लोक विचारायला लागले हा कुठला चहा म्हणून, त्याला भीती की फांद्या तोडून नेतील, त्याने नाव सांगून टाकलं बदकाची शीट. तिकडच्या पिवळट-तपकिरी मातीलाही हेच नाव आहे म्हणे, त्यावरून आलं असंही म्हणतात. २०१४ मधे याचं बारसं नव्याने करून चांगलं फुलाचं नाव दिलं, पण ते कोणीच वापरत नाही, आणि का वापरतील, या नावाने जेवढा खपतो तेवढा फुलाच्या नावाने थोडाच खपणार. चीनमधली तरुण पोरं याच चहात लिंबू आणि बर्फ घालून मोठाल्या ग्लासात पितात.

आणि आता शाकाहारी विषय निघालाच आहे तर, वुयीच्या रौ ग्वेई चहाला (रौ ग्वेई म्हणजे दालचिनी, पण दालचिनीसुद्धा घातलेली नसते, नुसती तशी झणक असते) न्यू लान केंग नावाच्या दरीत पिकलेला असेल तर चिनी लोक लाडाने ‘बीफ’ म्हणतात, दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडली की चिनीत गोमांस असा शब्द होतो म्हणून. तोही शाकाहारीच. फक्त किमतीने माणूस घायाळ होतो.

ऑनलाइन ‘ओरिजिनल दा होंग पाओ, मदर ट्री’ पन्नास ग्रॅम नऊशे रुपयाला आहे. घेऊ का? – नाशिक

चहा म्हणून आवडेल असा वाटला तर घ्या, मदर ट्री म्हणून अजिबात घेऊ नका. दा होंग पाओची मूळ झुडपं एकूण सहा आहेत, वुयीत च्यू लाँग क्ख नावाच्या दरीत कड्याच्या अर्ध्यावर दगडी बांध घालून जपलेली. लोक खालून फोटो काढतात. त्यांची शेवटची तोडणी २००५ साली झाली, पुढच्या वर्षापासून बंदच, आणि त्या शेवटच्या तोडणीतला वीस ग्रॅम चहा बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलाय. म्हणजे तुमच्या पाकिटात तो येणं शक्यच नाही, नऊशेत नाही आणि नऊ लाखातही नाही.

(१९७२ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले तेव्हा माओंनी त्यांना यातला पाव किलोच्या आतबाहेर चहा दिला, निक्सनना वाटलं एवढासाच, तेव्हा चीनचे पंतप्रधान चौ एन लाय म्हणाले की अहो हे अर्धं राज्य दिलंय तुम्हाला. असा किस्सा सांगतात. खरा खोटा कोण जाणे पण वुयीत प्रत्येक दुकानदार सांगतो.)

मग बाजारात जो मिळतो तो काय? बहुतेक वेळा ब्लेंड. रौ ग्वेई, श्वेई श्येन आणि इतर काही वुयीचे चहा एकत्र करून, भाजणी जुळवून केलेला. यात फसवणूक नाही, तिकडे हे उघड आहे आणि चांगला ब्लेंड करणं हे कसब मानतात. मूळ झुडपांच्या कलमांपासून वाढवलेल्या झाडांचा चहाही असतो, तो महाग. फसवणूक तेव्हा होते जेव्हा वुयीच्या बाहेरचं, सपाटीवरचं पान करपेपर्यंत भाजून त्यावर हे नाव चिकटवतात. ओळखायचं कसं? दोन गोष्टी बघा. चौथ्या कपालाही फक्त कोळशाचाच वास येतोय का, चांगल्या चहात तोवर भाजणी मागे जाऊन काहीतरी फळासारखं, खनिजासारखं पुढे आलेलं असतं. आणि प्यायल्यावर वापरलेली पानं बघा, नीट उघडली, बोटाने ताणली तर मऊ लागली तर ठीक. काळी कडक कोळशाची काडी राहिली तर लपवायला भाजलंय.

ऊलाँगने वजन किती दिवसात कमी होतं? – तीस-पस्तीस जणांचा हाच प्रश्न

होत नाही. साखर-दुधाचे चार कप सोडून हे चार कप प्यालात तर त्या साखर-दुधाचं वजन कमी होईल, ते चहाचं श्रेय नाही. ‘स्लिमिंग ऊलाँग’ असं लिहिलेल्या पाकिटात बरेचदा सगळ्यात वाईट पान असतं, आणि काहींत सोनामुखी वगैरे रेचक मिसळलेलं असतं, तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचा. हिमोग्लोबिन कमी असणाऱ्यांनी जेवणाबरोबर कुठलाच चहा पिऊ नये, त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, तासभर अंतर ठेवा. आणि हो, यात कॅफिन असतं, चांगलं असतं. पहिलं पाणी तीस सेकंद ठेवून फेकलं की कॅफिन जातं हे जे फिरतंय ते खोटं आहे, थोडंसंच जातं आणि वास मात्र चांगलाच जातो.

सगळे म्हणतात गोडवा येतो गोडवा येतो. मला तर कडूच लागला. माझी जीभ खराब आहे का? – कोल्हापूर

जीभ उत्तम आहे, कोल्हापूरची आहे! फक्त गोडवा चुकीच्या ठिकाणी शोधताय. तो तोंडात चहा असताना नाही येत. आवळा खाऊन वर पाणी प्यायलात की कसं ते पाणी गोड लागतं? अगदी तसंच, चहा गिळून झाला, दोन-चार श्वास गेले, की घशाच्या मागून गोडसर काहीतरी वर येतं. चिनी लोक याला हुई गान म्हणतात आणि चहा चांगला की वाईट हे ठरवताना याला फार मान आहे. कडू लागलं आणि ते लगेच वितळून गोड झालं तर चहा चांगला. कडू लागलं आणि जिभेवर तसंच बसून राहिलं तर एकतर चहा हलक्या प्रतीचा नाहीतर तुम्ही जास्त वेळ ठेवला. तुम्ही लिहिलंय ‘पाच मिनिटं भिजवला’. अहो पाच मिनिटं! आठ ग्रॅम पानाला पाच मिनिटं दिली तर काय होणार.

पुढच्या वेळी असं करा. वुयीचा चहा असेल तर शंभर मिलीला सहा-सात ग्रॅम, पाणी अगदी उकळतं, आणि पहिले तीन वेळा दहा सेकंदाच्या आत बाहेर. पहिला कप भाजणीचा, नाकात धूर आणि थोडं कॅरॅमल. यावर मत बनवू नका. दुसऱ्या-तिसऱ्याला अंग भरतं, चहा पाण्यापेक्षा जाड लागतो, जिभेच्या कडांवर बसतो. चौथ्या-पाचव्याला मला सगळ्यात जास्त आवडतो, भाजणी मागे सरकते आणि पिकलेल्या फळाचा वास येतो, आणि मग ते ज्याला यान युन म्हणतात ते, खडकाची चव, म्हणजे खडक कोणी चाटलेला नाही पण पहिल्या पावसानंतर ओल्या कातळाजवळ उभं राहिलं की जे नाकात येतं ते तोंडात आल्यासारखं. सातव्याच्या पुढे नुसता गोडसर लाकडी. आणि एक, रिकामा झालेला कप लगेच धुऊ नका, थंड होत असताना त्याच्या तळाचा वास घ्या, बरेचदा चहापेक्षा तो भारी असतो.

पाण्याचंही बघा. बोअरचं जड पाणी वापरलंत तर महागातला चहा मुका होतो. आरओचं पार कोरं पाणीही सपाट लागतं, तेव्हा अर्धं आरओ अर्धं नळाचं गाळून, असं करून बघा.

ती खास मातीची किटली घ्यायलाच लागते का? – ठाणे

नाही. यीशिंग या चिनी शहराची जांभळट मातीची किटली सुंदर असते, ती माती वास धरून ठेवते म्हणून एका किटलीत एकाच जातीचा चहा करतात, साबण लावत नाहीत, सगळं खरं. पण ऑनलाइन हजार-बाराशेला जी ‘ओरिजिनल यीशिंग’ मिळते ती बहुतेक साच्यातली आणि रंग मिसळलेली असते. त्यापेक्षा चिनीमातीचं साधं गायवान घ्या, म्हणजे बशी, वाटी, झाकण. ते काही चव खात नाही, काही लपवत नाही. पहिल्यांदा बोटं भाजतील. वाटी काठोकाठ भरू नका, काठ कोरडा ठेवा आणि फक्त काठाला धरा, मग नाही भाजत.

ऑफिसमधे एवढं सगळं कोण करणार? – बीकेसी

कोणी नाही. चिनी ऑफिसमधेही करत नाहीत. काचेच्या ग्लासात चिमूटभर पानं (दोन ग्रॅम, जास्त नाही), वर गरम पाणी, पानं तळाला गेली की प्यायला सुरुवात, तिसरा हिस्सा उरला की परत पाणी. संध्याकाळपर्यंत चालतं. दानचोंग यात वापरू नका, तिएग्वानयिन किंवा जुना श्वेई श्येन चालतो.

‘मिल्क ऊलाँग’मधे दूध असतं का? वास तर बासुंदीचा येतो. – इंदूर

असायला नको. हा जिन श्वान नावाच्या वाणाचा, मूळ तैवानचा, त्याला स्वतःचाच हलका दुधाळ वास असतो. हलका! पाकीट उघडताच घरभर बासुंदी झाली असेल तर वरून सुगंध मारलाय. आवडत असेल तर प्या की, पण त्या पैशात खरा मिळतो.

जुलैमधे माझा चहा मऊ पडला, वासही गेला. – रत्नागिरी

कोकणात जुलैमधे पापड मऊ पडतात तिथे चहाचं काय. हिरवा तिएग्वानयिन असेल तर बंद पाकिटातच फ्रिजमधे, आणि काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचं नाही, नाहीतर थंड पानांवर हवेतलं पाणी धरतं आणि खेळ खल्लास. भाजलेला असेल तर फ्रिज नको, घट्ट झाकणाचा डबा, काठोकाठ भरलेला, म्हणजे आत हवा कमी. आणि कृपा करून मसाल्याच्या कपाटात नाही! चहा वास ओढून घेतो. हिंगाच्या शेजारी ठेवलेला रौ ग्वेई मी एका घरी प्यायले आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

मऊ पडलेला भाजलेला चहा वाचवता येतो. जाड तव्यावर कागद टाकून अगदी मंद आचेवर, हाताला सोसेल एवढ्याच उष्णतेत, अर्धा तास हलवत राहायचं, मग आठवडाभर डब्यात विसरायचं. हिरव्याचं मात्र गेलं ते गेलं.

हा चहा जुन्या काळी मुंबईत येत असेल ना? आपला काही संबंध? – इतिहासाचे निवृत्त शिक्षक, दादर

सर, संबंध आहे आणि तो फार साधासरळ नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मुंबईचे व्यापारी कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझोउला, कापूस आणि माळव्याची अफू नेत. तिथे विकून जी चांदी यायची ती ईस्ट इंडिया कंपनीच्या खजिन्यात भरून त्याच्या बदल्यात हुंड्या घ्यायचे, आणि त्या चांदीतून कंपनी चहा विकत घेऊन लंडनला पाठवायची. ब्रिटनला चहा नेण्याची मक्तेदारी १८३३ पर्यंत कंपनीकडेच होती. म्हणजे इंग्रजांच्या कपातल्या चहाचे पैसे बऱ्याच अंशी आपल्या बंदरातून गेलेल्या मालातून आले. जेजे हॉस्पिटलच्या नावातले सर जमशेटजी जीजीभॉय याच व्यापारात मोठे झाले. १८०५ मधे चीनच्या सफरीवर असताना त्यांचं जहाज फ्रेंचांनी पकडलं आणि त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता, तो पुढे त्यांचा चीनमधला भागीदार.

इंग्रज ज्याला ‘बोही’ म्हणायचे तो चहा म्हणजे वुयीचाच अपभ्रंश. आणि उलट दिशेचं पण सांगते. १८४९ मधे रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा स्कॉटिश माळी कंपनीच्या पगारावर, चिनी वेष करून, वुयीच्या डोंगरात जाऊन आला. त्याने चीनमधून काचेच्या पेट्यांत घालून पाठवलेली रोपं आणि बिया हिमालयाच्या पायथ्याला लावल्या गेल्या. दार्जिलिंगच्या जुन्या मळ्यांत आजही चिनी जातीची झुडपं आहेत आणि काही मळे त्यांच्यापासून ऊलाँगही करतात. कँटनहून आलेला ऊलाँग तेव्हा दादर-गिरगावात कोणी पीत होतं का, तर सामान्य माणसाच्या घरात तेव्हा कुठलाच चहा नव्हता.

ग्वांगझोउला ऑफिसच्या कामाने आलोय. क्लायंट कप रिकामा झाला की भरतोच भरतो. थांबवायचं कसं? सारखं थँक्यू म्हणून कंटाळा आला. – एक सोलापूरकर

थँक्यू म्हणूच नका. त्याने ओतलं की उजव्या हाताची दोन बोटं वाकवून टेबलावर दोन-तीनदा हलकेच टकटक करा, झाले आभार, बोलणं मधे तोडावं लागत नाही. सम्राट च्येनलुंग वेष बदलून फिरत असताना त्याने नोकराला चहा ओतून दिला, नोकराला लोटांगण घालता येईना म्हणून त्याने बोटांनी घातलं, अशी दंतकथा आहे.

थांबवायचं असेल तर कप भरलेला तसाच ठेवा, रिकामा केलात की तो भरणारच. तुम्ही ओतायला घेतलंत तर कप सत्तर टक्केच भरा, काठोकाठ भरलेला चहा म्हणजे पाहुण्याला ‘आता निघा’ म्हणणं. आणि त्याच प्रांतात चाओझोउ आहे, बुलेट ट्रेनने जाता येतं, जमलं तर जाच. तिथे दुकानात, गॅरेजात, फुटपाथवर जिकडे तिकडे छोटा ट्रे आणि तीन कप मांडलेले असतात, माणसं पाच असली तरी कप तीनच, आळीपाळीने प्यायचं, दर वेळी कप उकळत्या पाण्याने खळबळून. ‘नको’ म्हणू नका, एक कप म्हणजे दोन घोट असतात.

याच्याबरोबर खायला काय द्यावं? पाहुणे नुसता चहा पिऊन उठत नाहीत. – पुणे (हो, पुणे!)

चाओझोउत शेंगदाण्याची वडी देतात, गूळ-साखरेच्या पाकातली, म्हणजे तुमच्याकडे लोणावळ्याची चिक्की असेलच, काम झालं. भाजलेल्या वुयी चहाबरोबर खारे शेंगदाणे, साधे चिरोटे, अंजीर, खजूर छान लागतात. हिरव्या तिएग्वानयिनबरोबर काहीच नको, फार तर साध्या लाह्या. बाकरवडी नको, तिच्यातला मसाला सगळं झाकून टाकतो. आणि मिसळ खाऊन आला असाल तर त्या दिवशी आपला नेहमीचा कडक चहाच घ्या, ऊलाँग उद्या सकाळी.